धनुष्य की तलवार? डी अँड डीमध्ये फायटर बनवताना काय निवडायचं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजेच डी अँड डी, पहिल्यांदा खेळायला बसलेले बरेच जण फायटर निवडतात. मंत्रांची लांबलचक यादी वाचावी लागत नाही, कुठलंही चिलखत आणि कुठलंही हत्यार चालतं, आणि मरायलाही जरा वेळ लागतो. पण फायटर घेतला की लगेच दुसरा प्रश्न येतो. लांबून बाण मारणारा करायचा, की समोर जाऊन तलवार चालवणारा?

मोबाईलवर शोधलंत तर उत्तर म्हणून बहुतेक वेळा एकच आकडा मिळतो: एका फेरीत सरासरी किती डॅमेज. हा आकडा खोटा नसतो, पण तो फोनच्या बेंचमार्क स्कोअरसारखा असतो. स्कोअर कितीही मोठा असला तरी लोकलमध्ये उभं राहून दिवसभर वापरल्यावर बॅटरी किती उरेल, हे त्यावरून कळत नाही.

या लेखात आपण तो आकडा स्वतः काढायला शिकू, मग तो एका खऱ्या जागेवर तपासून बघू. जागा आहे वरळी कोळीवाडा: किल्ला, गल्ल्या आणि समुद्र, तिन्ही एकाच ठिकाणी.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच: मोकळी जागा असेल आणि तुमच्या पुढे उभं राहणारं कुणीतरी असेल, तर तिरंदाज घ्या. यातलं एक जरी नसेल, तर ढाल-तलवार घ्या.

आधी नियमांबद्दल थोडं

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये आणला. सध्या खेळली जाणारी पाचवी आवृत्ती २०१४ ची, आणि तिचे सुधारित नियम २०२४ मध्ये आले. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत. म्हणजे पुस्तक विकत न घेता पीडीएफ फोनवर उतरवून खेळ सुरू करता येतो. खालचा हिशोब २०१४ च्या नियमांनुसार आहे, २०२४ मध्ये काय बदललं ते शेवटाकडे सांगतो.

लागणारे शब्द एवढेच:

- डी२०: वीस बाजूंचा फासा. वार लागला की नाही, हे तो ठरवतो.
- एसी: समोरच्याला वार लागायला किती यावं लागेल, तो आकडा. चिलखत जितकं भारी, तितका एसी जास्त.
- एचपी: किती मार सोसू शकता.
- डिसॲडव्हांटेज: डी२० दोनदा टाकायचा आणि कमी आलेला आकडा धरायचा.
- डीएम: गोष्ट चालवणारा आणि शत्रू खेळवणारा मित्र किंवा मैत्रीण.

नकाशावर एक चौकोन म्हणजे ५ फूट. साधारण पात्र एका पाळीत ३० फूट चालतं, आणि वार न करता नुसतं धावलं तर ६० फूट.

तीन बिल्ड, एकच लेव्हल

तुलना सरळ व्हावी म्हणून तिघेही पहिल्या लेव्हलचे घेऊ. ज्याचा जो मुख्य गुण (तिरंदाजाची चपळाई, बाकी दोघांची ताकद) तो १६, म्हणजे बोनस +३. त्यात प्रोफिशिएन्सीचे +२. फायटरला पहिल्याच लेव्हलला एक फायटिंग स्टाईल मिळते, ती प्रत्येकाने आपापल्या कामाची घेतली आहे.

- तिरंदाज: लाँगबो, फासा डी८. आर्चरी स्टाईलमुळे नेम +२, म्हणून वाराचा बोनस +७. चामड्याचं चिलखत, एसी १४.
- मोठ्या तलवारीवाला: ग्रेटस्वोर्ड, दोन डी६. ग्रेट वेपन फायटिंगमुळे डॅमेजच्या फाशावर १ किंवा २ आला तर तो एकदा पुन्हा टाकता येतो. वाराचा बोनस +५. चेनमेल, एसी १६.
- ढाल-तलवारवाला: लाँगस्वोर्ड, डी८. ड्युएलिंगमुळे डॅमेज +२. वाराचा बोनस +५. चेनमेल आणि ढाल मिळून एसी १८.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर करायचा हिशोब

वार लागण्याची शक्यता काढायचं सूत्र सोपं आहे: २१ मध्ये आपला बोनस मिळवा, समोरच्याचा एसी वजा करा, २० ने भागा. शत्रूचा एसी १३ धरू. तिरंदाजासाठी २१ + ७ − १३ = १५, भागिले २०, म्हणजे ७५ टक्के. बाकी दोघांसाठी ६५ टक्के.

आता ही शक्यता गुणिले सरासरी डॅमेज. डी८ ची सरासरी ४.५, त्यात +३, म्हणजे तिरंदाजाचा बाण लागला तर ७.५. फाशावर थेट २० आला तर डॅमेजचे फासे दुप्पट होतात, तेही धरलं तर एका फेरीची सरासरी अशी येते:

- तिरंदाज: ५.९
- ढाल-तलवार: ६.४
- मोठी तलवार: ७.८

म्हणजे पहिल्या लेव्हलला, सगळे वार करू शकत असतील तर, धनुष्य सगळ्यात मागे आहे. मग लोक तिरंदाजाचं एवढं कौतुक का करतात? कारण वरच्या वाक्यातलं ‘वार करू शकत असतील तर’. तलवारवाला पहिल्या फेरीत शत्रूपर्यंत पोचतो की नाही, हे नकाशा ठरवतो. म्हणून आता नकाशा उघडूया.

नकाशा: वरळी कोळीवाडा

वरळीचा किल्ला इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधला. मुंबई अजून सात बेटांची होती, आणि माहीमच्या खाडीत शिरणारी शत्रूची जहाजं आणि चाचे यांच्यावर इथून नजर ठेवली जायची. किल्ल्यापर्यंत जायचं तर कोळीवाड्याच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांतून जावं लागतं. तटावर चढलात की एकदम समोर मोकळा समुद्र आणि २००९ मध्ये सुरू झालेला सी लिंक. डीएमला नकाशा काढायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

आपली गोष्ट साधी ठेवू. चाचे बोटीतून येत आहेत, गावात शिरायचा त्यांचा बेत आहे. प्रत्येक चाच्याचे एचपी ११. खालची अंतरं खेळापुरती ठरवली आहेत, तुम्ही बदलू शकता.

पहिला प्रसंग: तटावरून

बोट ३०० फुटांवर दिसते आणि दर फेरीला ३० फूट जवळ येते. लाँगबोचा पल्ला १५०/६०० असा लिहितात. १५० फुटांपर्यंत नीट नेम, त्यापुढे ६०० फुटांपर्यंत डिसॲडव्हांटेज. शिवाय चाचे बोटीच्या काठाआड बसले आहेत, म्हणजे त्यांना हाफ कव्हर, एसी +२.

- ३०० ते १८० फूट: पाच बाण, प्रत्येकी सरासरी ३.२
- १५० ते ३० फूट: पाच बाण, प्रत्येकी सरासरी ५.१
- एकूण: सुमारे ४१ डॅमेज, म्हणजे बोट किनाऱ्याला लागण्याआधी तीन चाचे आडवे

तेवढ्या वेळात तलवारवाले दोघं काय करतात? बोट ३० फुटांवर येईपर्यंत फारसं काही नाही. त्यांच्याकडे जॅव्हलिन असतील तर ३० फुटांच्या आत फेकता येतात. हा प्रसंग पूर्णपणे तिरंदाजाचा.

इथे अंतराचा अंदाज यावा म्हणून एक जवळचंच माप. कोस्टल रोडला सी लिंकशी जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमधून बोटी सुरक्षित जाव्यात म्हणून वरळीच्या मच्छीमारांनी आंदोलन केलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ६० ऐवजी १२० मीटरचा गाळा ठेवायचं मान्य झालं. १२० मीटर म्हणजे जवळपास ३९४ फूट. लाँगबोचा नीट नेमाचा पल्ला फक्त ४६ मीटर आहे. म्हणजे जुन्या ६० मीटरच्या गाळ्यातसुद्धा एका खांबापासून दुसऱ्या खांबाशी असलेल्या माणसावर बाण मारायचा तर डिसॲडव्हांटेज लागेल. कागदावर ‘१५० फूट’ खूप वाटतं, मोकळ्या समुद्रावर ते फार नाही.

दुसरा प्रसंग: गल्लीत

उरलेले चाचे उतरून गल्लीत शिरले. गल्ली दोन चौकोन रुंद, आणि दर २५ फुटांवर वळण. वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून १५० फुटांचं धनुष्य इथे २५ फुटांचं होतं. चाचा वळणावर दिसतो आणि त्याच पाळीत तुमच्या अंगावर येतो.

आता नियम बघा. शुद्धीवर असलेला, तुम्हाला पाहू शकणारा शत्रू ५ फुटांच्या आत असेल तर धनुष्य चालवताना डिसॲडव्हांटेज. तिरंदाजाची सरासरी ५.९ वरून ४.२ वर येते. मोठ्या तलवारीची ७.८ तशीच राहते, जवळजवळ दुप्पट. मागे सरकायचं म्हटलं तर जाता जाता शत्रूचा एक फुकटचा वार, ऑपॉर्च्युनिटी अटॅक, बसतो.

बरं, तिरंदाज मित्राच्या मागे उभा राहिला तर? मध्ये उभा असलेला माणूस, मग तो आपला का असेना, शत्रूला हाफ कव्हर देतो. एसी +२. म्हणजे आर्चरी स्टाईलचे +२ बरोबर तिथेच खर्ची पडले.

तिरंदाजासाठी इथे एक कामाची टीप. धनुष्य हातातून सोडून द्यायला ॲक्शन लागत नाही, आणि एक हत्यार उपसणंही वाराबरोबर फुकट होतं. रेपियर हे चपळाईने चालणारं हत्यार आहे. त्याची सरासरी ५.१ येते, म्हणजे जवळून मारलेल्या बाणापेक्षा जास्त. फायटरला सुरुवातीच्या सामानातच एक हत्यार निवडता येतं, तिरंदाज असलात तरी तिथे रेपियर घ्याच.

तिसरा प्रसंग: बोटीवर

समजा तुम्हीच उडी मारून चाच्यांच्या बोटीवर गेलात. इथे डॅमेजपेक्षा ढकलणं भारी पडतं. एका वाराऐवजी शत्रूला ५ फूट ढकलता येतं. तुमची ताकदीची ॲथलेटिक्स तपासणी विरुद्ध त्याची ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स. ॲथलेटिक्समध्ये तरबेज, +५ वाला फायटर +१ वाल्या चाच्याला साधारण तीनातून दोन वेळा पाण्यात पाडतो. ११ एचपी मोजत बसायची गरजच नाही. ताकदीवर बांधलेल्या फायटरचा हा फायदा डॅमेजच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

पाण्याखाली लढाई झाली तर दोन्ही मोठी हत्यारं अडचणीत येतात. ग्रेटस्वोर्ड, लाँगस्वोर्ड आणि लाँगबो, तिघांनाही डिसॲडव्हांटेज. भाला, जॅव्हलिन, ट्रायडंट आणि खंजीर मात्र नीट चालतात. कोळीवाड्यातला तांडेल फायटर म्हणून खेळणार असाल तर पाठीला एक भाला हवाच.

तक्त्यात न येणारा आकडा

आता खरा मुद्दा. आपण आतापर्यंत मोजलं ते शत्रूला बसणारं डॅमेज. पण चाचेही वार करतात, आणि ते कुणाला तरी लागतात. ते कुणाला लागतात, हे तुमच्या बिल्डवर अवलंबून आहे.

तीन चाचे धरू, प्रत्येकाचा वाराचा बोनस +३, वार लागला तर सरासरी ४.५. ते तिघं ज्याच्यावर तुटून पडतील त्याला एका फेरीत सरासरी एवढा मार बसतो:

- ढाल-तलवारवाला, एसी १८: ४.६
- मोठ्या तलवारीवाला, एसी १६: ५.९
- तिरंदाज, एसी १४: ७.३
- साध्या कपड्यातला विझर्ड, एसी १२: ८.६

पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे एचपी साधारण ८ असतात. म्हणजे तिघं त्याच्यापर्यंत पोचले की तो सरासरी एका फेरीत पडला. फायटरचे एचपी १२, शिवाय सेकंड विंडने सरासरी ६.५ परत मिळतात. ढालवाला तोच मार साधारण चार फेऱ्या सोसतो. बऱ्याच लढाया तेवढ्यातच आटोपतात.

पण चाच्यांनी ढालवाल्यालाच का मारावं? बाजूने निघून विझर्डकडे का जाऊ नये? कारण त्याच्या पल्ल्यातून बाहेर पडताना त्यांना फुकटचा वार खावा लागतो. हा वार फक्त जवळच्या हत्याराने करता येतो. हातात धनुष्य असेल तर फार तर लाथ किंवा बुक्की. म्हणून दोन चौकोनांच्या गल्लीत उभा असलेला तिरंदाज शत्रूसाठी जवळपास रिकामी वाट असतो. अर्थात फुकटचा वार फेरीत एकदाच, त्यामुळे ढालवालाही सगळ्यांना रोखू शकत नाही. पण पहिला जो निघेल त्याला किंमत मोजावी लागते.

याचा टेबलावर होणारा परिणाम लक्षात घ्या. चार जण महिन्यातून कसाबसा एक शनिवार काढून जमतात. ज्याचा विझर्ड पहिल्याच लढाईत पडला, तो पुढचा तासभर फोन स्क्रोल करत बसतो. तुमच्या बिल्डमुळे समोरच्या मित्राची संध्याकाळ वाचते किंवा जाते. ५.९ आणि ६.४ मधल्या फरकापेक्षा हे मोठं आहे.

लेव्हल ४ नंतर चित्र का बदलतं

चौथ्या लेव्हलला गुण वाढवण्याऐवजी फीट घेता येतं, आणि पाचव्याला फायटर एका पाळीत दोन वार करतो. २०१४ च्या नियमांत दोन फीट्स गाजली: धनुष्यासाठी शार्पशूटर, मोठ्या तलवारीसाठी ग्रेट वेपन मास्टर. दोन्हींत नेमातून ५ वजा करून डॅमेजमध्ये १० वाढवता येतात.

पाचवी लेव्हल, शत्रूचा एसी १५, मुख्य गुण अजून १६. दोन वारांची मिळून सरासरी:

- धनुष्य, साधा नेम: ११
- धनुष्य, शार्पशूटरने उणे ५ घेऊन: १६.२
- मोठी तलवार, साधा वार: १४.४
- मोठी तलवार, ग्रेट वेपन मास्टरने उणे ५ घेऊन: १५.८

धनुष्याची उडी एवढी मोठी का, ते आता कळेल. आर्चरी स्टाईलचे +२ त्या उणे ५ चा बराच भाग भरून काढतात. तलवारीला तशी नेमाची मदत नाही. त्यात शार्पशूटरमुळे लांब पल्ल्याचा डिसॲडव्हांटेज जातो आणि हाफ कव्हरही मोजलं जात नाही, म्हणजे गल्लीत मित्राच्या मागून मारलेल्या बाणाची अडचणही संपली. इंटरनेटवरचं तिरंदाजाचं कौतुक मुख्यतः इथून आलेलं आहे. तुमची मोहीम तिसऱ्या लेव्हललाच संपणार असेल तर ते तुमच्या उपयोगाचं नाही.

२०२४ च्या नियमांत काय बदललं

- उणे ५, अधिक १० हा सौदा दोन्ही फीट्समधून गेला.
- ग्रेट वेपन मास्टरमध्ये आता आपल्या पाळीत जड हत्याराने केलेला हल्ला लागला की प्रोफिशिएन्सी बोनसएवढं जास्त डॅमेज मिळतं.
- शार्पशूटरमध्ये जवळच्या शत्रूमुळे येणारा डिसॲडव्हांटेज गेला. लांब पल्ला आणि कव्हरचे फायदे तसेच राहिले.
- हत्यारांना मास्टरी आली. ग्रेटस्वोर्डचा वार चुकला तरी थोडं डॅमेज होतं, लाँगबोचा बाण लागला तर शत्रूचा वेग १० फुटांनी कमी होतो.

एकूण धनुष्य आणि तलवार यांच्यातला डॅमेजचा फरक कमी झाला. त्यामुळे जागा आणि सोबतचे खेळाडू बघून निवड करणं आता आणखी महत्त्वाचं झालंय.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही जमेल असा फायटर करता येतो का?
हो. चपळाई मुख्य ठेवा, धनुष्य आणि रेपियर दोन्ही बाळगा. डॅमेज थोडं कमी होईल, पण कुठल्याच प्रसंगात रिकामे बसणार नाही. ताकदीवर बांधलेल्या फायटरने चार-पाच जॅव्हलिन घ्याव्यात. एक जॅव्हलिन अर्ध्या सोन्याच्या नाण्याला मिळते.

बाण संपतात का?
संपतात. एका भात्यात २० असतात. लढाईनंतर एक मिनिट शोधलं तर वापरलेल्यांतले निम्मे परत मिळतात. तटावरून समुद्रात मारलेले दहा बाण मात्र गेले म्हणून समजा.

गटात तिरंदाज आणि तलवारवाला दोघं असतील तर काय सांभाळायचं?
तलवारवाल्याने शत्रूला खाली पाडायच्या आधी विचारावं. पडलेल्या शत्रूवर ५ फुटांतून वार करणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, पण लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज.

फासे नाहीत, चालेल का?
चालेल. गुगलवर डी२० टाकायचं म्हटलं की फासा फोनच्या स्क्रीनवरच येतो.

पात्र लिहिण्याआधी ग्रुपवर हे विचारा

१. आपल्यातलं पुढे कोण उभं राहणार? कुणीच ‘मी’ म्हणालं नाही, तर ढाल तुमची.
२. लढाया बहुतेक उघड्यावर होणार की गुहा, वाडे, गल्ल्यांत? डीएम सगळं सांगणार नाही, पण एवढं सांगेल.
३. नियम २०१४ चे की २०२४ चे, आणि मोहीम चौथ्या लेव्हलच्या पुढे जाणार का?

तिन्ही उत्तरं मिळाली की सूत्रात तुमचे आकडे टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग निवडलेला फायटर वर्षभर खेळायला कंटाळा येत नाही.